काकवीच्या टाकीतली सातवी पट्टी

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला पट्टी सरळ खाली गेली. मी टाकीच्या काचेला नाक लावून बघत होते. पट्टीचं टोक वाकलं, काकवीत शिरलं आणि कुणीतरी पाय ओढावा तसं तडक तळाकडे निघालं. खरं तर ते थोडं खाली जाऊन आडवं व्हायला हवं होतं.

"झोपली का?" माझ्या मार्गदर्शकांनी, हुद्दार सरांनी, दारातूनच विचारलं.

"नाही सर. बुडाली."

"कोन किती?"

मी काचेवर कोनमापक धरला. "सत्तर अंश."

"मग परत कर."

"सर, शनिवारपासून तीन पट्ट्या बुडाल्या. ही तिसरी."

"मग चौथी कर. गुरुवारी विद्वांस येतायत. त्यांच्यासमोर ती झोपली पाहिजे." एवढं बोलून सर तासाला निघून गेले. मी मात्र तिथेच स्टुलावर बसून राहिले.

आता ही कुठली पट्टी आणि तिला कशाला झोपवायचं, ते सांगायला हवं. समुद्राच्या तळाचा खडक म्हणजे एक अवाढव्य पत्रा असतो. तो वर्षाला चार-सहा बोटं सरकतो आणि खंडाच्या कडेशी आला की खंडाखाली घुसतो. बहुतेक ठिकाणी तो चांगला खोल, तिरका उतरतो. पण काही ठिकाणी, दक्षिण अमेरिकेत पेरू देशाखाली तर अगदी ठळकपणे, तो थोडा उतरतो आणि मग शेकडो किलोमीटर खंडाच्या पोटाला लागून जवळजवळ आडवा जातो. पुढे कुठेतरी जाऊन मग बुडतो. असं का होतं, याची उत्तरं तेव्हाही तीन-चार होती. कुणी म्हणत, पत्रा कोवळा आणि अजून गरम असला की हलका असतो, म्हणून बुडत नाही. कुणी म्हणत, त्याच्या पाठीवर समुद्रातल्या डोंगरांची रांग असली की तिथलं कवच जाड आणि हलकं असतं, ते त्याला वर धरून ठेवतं. आणखी कुणी म्हणत, वरचा खंडच त्याच्या अंगावर चाल करून येतो. मी माझ्या प्रबंधात ठासून लिहिलं होतं की डोंगरांची रांग एकटी पुरे.

परदेशात असे प्रयोग ग्लुकोजच्या पाकात करतात. आमचं कॉलेज पंचगंगेच्या खोऱ्यातलं, खिडकीतून बघाल तिथवर ऊस. ग्लुकोजचा पाक एवढ्या प्रमाणात कुठून आणणार? तेव्हा सरांनी डोकं लढवलं. उसाचा रस गूळ व्हायच्या जरा आधी काहिलीतून काढला की जो घट्ट पाक मिळतो, ती काकवी. आमच्याकडे ती भाकरीबरोबर खातात. आम्ही तिला पृथ्वीचं पोट मानलं आणि पाच फूट लांब, वीतभर रुंद काचेच्या टाकीत भरली. मागे दोनशे वॉटचा दिवा लावला की तपकिरी उजेडात आतल्या पट्टीची सावली दिसायची. पट्टी सिलिकोनच्या लगद्याची. ती काकवीपेक्षा थोडी जड व्हावी म्हणून तीत लोखंडाचा कीस मिसळायचा, आणि डोंगररांगेच्या जागी कीस न घातलेला हलका तुकडा बसवायचा.

पहिले सहा प्रयोग साध्या पट्टीचे केले. सहाही पट्ट्या खोल गेल्या. डिसेंबरात सातवा, रांग बसवलेला. ती पट्टी टाकीच्या मध्यावर आली, आडवी झाली आणि हातभर तशीच सरकत गेली. मी नाचायचीच बाकी होते. सर परीक्षेच्या कामासाठी दोन दिवस बाहेरगावी होते, ते आल्यावर त्यांनी विभागात पेढे वाटले. स्वतः खाल्ले नाहीत. त्यांना मधुमेह होता आणि काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, पहारा कडक होता. लगदा तेवढ्यात संपला, नवा यायला मार्च उजाडला, आणि तोवर मी त्या एका प्रयोगावर अख्खं तिसरं प्रकरण लिहून मोकळी झाले होते. पुढे सरांना हुरूप आला की बाहेरचे तज्ज्ञ डॉ. विद्वांस येतील तेव्हा प्रात्यक्षिकच दाखवू. माझी नोंदणी एकतीस मार्चला संपत होती. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. गुरुवारी एकोणीस तारीख. त्या दिवशी विद्वांसांनी मान हलवली नाही, तर पाच वर्षं पाण्यात जाणार होती.

रांग बसवलेली चौथी पट्टीही दुपारी बुडाली. अडुसष्ट अंश.

मंगळवारी सकाळी मी लुना काढली आणि गुऱ्हाळावर गेले. माझ्याकडे एकच शंका उरली होती, की डिसेंबरची काकवी आणि आताची काकवी वेगळी असणार. प्रत्येक प्रयोगानंतर मी टाकीच्या वरून आणि तळातून एकेक बाटली नमुना भरून कपाटात ठेवत असे. ठेवत असे एवढंच. ते कधी उघडून बघितले नव्हते. काकवीची घनता मी नेहमी तळाच्या तोटीतून काढून मोजत असे, कारण वरून काढली की पृष्ठभाग हलायचा. सातव्या प्रयोगाच्या दोन बाटल्या मी पिशवीत घातल्या.

ज्ञानू आबा हे तिथले गुळव्या, म्हणजे गूळ कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. सत्तरीचे, काटक. आमची काकवी त्यांच्याच हातची.

"आलीस व्हय? आता आनि किती काकवी पायजे तुला? तुमी मास्तर लोकं पिता का काय ती?"

"नको आबा. मला सांगा, डिसेंबरात दिलेली आणि गेल्या आठवड्यात दिलेली, यात फरक आहे का?"

"माज्या हातची हाय न्हवं दोनी? मग फरक कसला?"

मी तळाची बाटली दिली. त्यांनी एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला, नख तिरकं केलं. थेंब जागचा हलला नाही. "ही ब्येस हाय," ते म्हणाले. मग दुसरी बाटली घेतली. बूच जरा फिरवलं, तसा फट्कन आवाज झाला आणि फेस त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. आबांनी वास घेतला आणि मला वाटलं नव्हतं एवढ्या मोठ्यानं हसले.

"काय गं पोरी, कालिजात दारू गाळालीस व्हय?"

"म्हणजे?"

"आंबलीया ही. ह्यात पानी पडलंय."

"पाणी कसं पडेल? बंद खोलीत असते टाकी."

"कसं पडंल ते तू बघ. पर काकवी अशी आंबत न्हाई कवा. वरीसभर ठेव, दोन वरीस ठेव. पानी पडल्याबिगर आंबत न्हाई." त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि हात धुवायला गेले.

मी तिथेच चिपाडांच्या ढिगावर बसले. सगळं एका क्षणात कळलं, आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. टाकीत वर पाणी मिसळलेला पातळ थर होता आणि खाली अस्सल घट्ट काकवी. पट्टी वरच्या थरातून भरभर उतरली आणि खालच्या जड काकवीवर येऊन टेकली. म्हणून आडवी झाली. डोंगररांगेचा त्यात फारसा संबंधच नव्हता. पृथ्वीच्या पोटात असा पाण्याचा थर कुणी ओतलेला नाही. माझं तिसरं प्रकरण म्हणजे थापा होत्या, आणि मी त्या मनापासून लिहिल्या होत्या.

रडू यायच्या बेतात असताना समोर लक्ष गेलं. निवायला ओतलेल्या पाकावर साय धरू लागली होती आणि आबा लांब दांड्याचं लाकडी फावडं तिच्यावरून पुढे ढकलत होते. फावडं हळू गेलं की पुढची साय मुडपून पाकात उतरत होती. जोरात गेलं की ती फावड्याच्या बुडाला लागून तशीच आडवी आत जात होती. बुडायला तिला वेळच मिळत नव्हता.

"आबा, परत एकदा जोरात ढकला की."

"आता गूळ पन तूच करतीस काय?"

"ढकला ना आबा."

त्यांनी कुरकुरत तीन-चारदा ढकललं. मी वाकून बघत राहिले. वरचा खंड चाल करून येतो, हे मी पुस्तकात शंभरदा वाचलं होतं आणि माझ्या टाकीत खंड म्हणून एक फळी जागेवर घट्ट बांधून ठेवली होती. ती हलवून बघावी असं पाच वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

पण त्या वेळी ती कल्पना माझ्या रागाखाली दबली. पाणी घातलं कुणी, हाच विचार परतताना लुनावर डोक्यात घुमत होता. प्रयोगशाळा उघडायची आणि बंद करायची आण्णाप्पांनी. आमचे शिपाई, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, काकूंच्या माहेरच्या गावचे. टाकीच्या काचेवर मी काकवीच्या पातळीची लाल खूण केली होती. कुणी काकवी काढली तर पातळी खाली जाणार आणि मला कळणार. मग त्यानं काय केलं असेल? खुणेपर्यंत पाणी ओतलं असेल. हिशेब सोपा होता.

"आण्णाप्पा, डिसेंबरात टाकीत पाणी कुणी घातलं?"

ते टेबल पुसत होते. फडकं जागच्या जागी थांबलं. "म्या न्हाई घातलं."

"मग कुणी? इथली काकवी कुणी खाल्ली?"

"मला इचारू नका बाई."

"का नको विचारू? तुम्ही खाल्ली असेल तर सांगा. मी रागावणार नाही." हे मी ओरडूनच म्हटलं.

आण्णाप्पांनी फडकं घडी करून ठेवलं, टोपी डोक्यावर घातली. "काकवी म्या घरची खातो बाई. भाकरीसंगं. कालिजातली न्हाई," असं म्हणाले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन पाठमोरे उभे राहिले. मला शरम वाटली, पण राग जास्त होता.

दुपारी सरांना सगळं सांगितलं. आंबलेली बाटलीही त्यांच्या टेबलावर ठेवली. सरांनी ती हातात घेतली नाही. चष्मा काढला आणि पुसायला लागले. एवढा वेळ चष्मा पुसणारा माणूस मी बघितला नव्हता.

"फक्त वरच्या थरात पाणी?"

"हो सर."

"कुणाला सांगितलंस?"

"आण्णाप्पांना विचारलं. ते तोंड उघडत नाहीत."

"त्याला काही म्हणू नकोस."

"पण सर, त्यांनी—"

"शैलजा, त्याला काही म्हणायचं नाही." सरांचा आवाज कधी चढत नसे, तो चढला.

"बरं. पण गुरुवारी मी विद्वांस सरांना काय सांगू?"

सर उठले. "मी बघतो," एवढंच म्हणाले, पिशवी उचलली आणि तीन वाजता घरी निघून गेले.

मी बघतो! याचा अर्थ मी एकच लावला. हे सगळं दाबायचं. सरांच्या नावावर त्या प्रयोगाचा एक लेख छापून आला होता, पेढे वाटून झाले होते. ज्या माणसानं मला पहिल्या वर्षी अर्धा अंश चुकवला म्हणून अख्खी वही परत लिहायला लावली होती, तो आता म्हणत होता, मी बघतो. त्या संध्याकाळी मी वसतिगृहाच्या पायरीवर जेवायची घंटा होईपर्यंत बसले होते. प्रबंध जाणार याचं दुःख होतंच. पण सर असे निघाले, याचं दुःख मला प्रबंधापेक्षा जास्त झालं, हे मी इथे कबूल करते.

आणि आणखी एक कबूल करायचं आहे. बुधवारी सकाळी मी प्रयोगशाळेत एकटी होते. पट्टी झोपवायची कशी ते आता मला पक्कं माहीत होतं. तीन-चार वाट्या पाणी, वरवर ढवळायचं, की गुरुवारी विद्वांसांसमोर ती गुणी मुलीसारखी आडवी होणार. कुणाला काही कळणार नव्हतं. मी नळावरून तांब्याभर पाणी आणलं. टाकीशी उभी राहिले. सरांनी दाबायचं ठरवलं म्हणून मी त्यांच्यावर कालपासून जळत होते, आणि माझ्या हातात काय होतं? मग ते पाणी मीच प्यायले, सगळं, एका दमात. तहानही लागलीच होती.

त्यानंतर मात्र डोकं चालू लागलं. मी फळीचे स्क्रू सोडले. पण फळी पुढे ढकलायची ती एकसारख्या वेगानं, मिनिटाला अर्धं बोट. आमच्याकडे कसलं यंत्र? घड्याळ बघत फळी ढकलणं एकटीच्यानं होईना. मी व्हरांड्यात गेले.

"आण्णाप्पा, काल मी वाईट बोलले. चुकलं माझं."

ते खिडकीचे गज पुसत राहिले.

"तुम्ही पाणी घातलेलं नाही, मला पटलं. आता मला तुमचा हात पाहिजे. एक फळी ढकलायची आहे, अगदी सावकाश. माझ्याच्यानं होत नाही."

"किती सावकाश?"

"मिनिटाला अर्धं बोट."

त्यांनी वळून बघितलं. "तुमचं वाईट व्हावं असं हितं कोनाच्याबी मनात न्हाई बाई. एवढं ध्यानात ठेवा," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पहिल्या खेपेला त्यांनी जरा घाई केली, पट्टी फळीखाली चुरगळली. दुसऱ्या खेपेला मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मिनिटं मोजत गेले आणि ते ढकलत गेले. चाळीस मिनिटं दोघांपैकी कुणी खोकलंही नाही. डोंगररांगेचा तुकडा फळीच्या कडेखाली आला, पट्टी उतरायला लागली, थोडी उतरली, आणि मग तिचं खाली जाणं मंदावलं. फळी तिच्यावर चढत गेली आणि ती फळीच्या पोटाला लागून आडवी झाली. मी वरून काकवी काढून मोजली, तळातून काढून मोजली. दोन्ही सारख्या. कोन एकवीस अंश.

"झोपली?" आण्णाप्पांनी विचारलं.

"झोपली."

मग दुपारी डोंगररांग नसलेली साधी पट्टी घेतली आणि तशीच फळी ढकलली. ती बुडाली. रांग एकटी पुरत नव्हती आणि खंडाचा रेटा एकटा पुरत नव्हता. निदान माझ्या टाकीत तरी दोन्ही लागत होते. माझ्या प्रबंधात जे लिहिलं होतं ते चूक होतं, हे मी स्वतः सिद्ध केलं होतं. सर दिवसभर फिरकले नाहीत. मी ठरवून टाकलं की उद्या उभं राहायचं आणि सगळं सांगायचं. सरांना आवडो न आवडो.

गुरुवारी अकरा वाजता विभागाच्या मोठ्या खोलीत सगळे जमले. विद्वांस पुढे बसले, बुटके, गंभीर, हातात माझ्या प्रबंधाचा मसुदा. विभागातले दोन प्राध्यापक आणि पंधरा-वीस विद्यार्थी. आण्णाप्पा दाराशी उभे. अकराला पाच कमी असताना सर आले आणि त्यांच्याबरोबर काकू. इस्त्रीचं पातळ नेसलेल्या, गोंधळलेल्या. सरांनी त्यांना दुसऱ्या रांगेत बसवलं. काकू विभागात कधी येत नसत. मला काही समजेना.

मी बोलायला उठले. सरांनी मला हातानं बसवलं.

झालं, मी मनात म्हटलं. आता हे दाबणार.

"शैलजा बोलण्याआधी मला बोलायचंय," सर म्हणाले. खिशातून एक कागद काढला, बघितला आणि परत ठेवला. "हिच्या तिसऱ्या प्रकरणातला सातवा प्रयोग खोटा आहे. तो मी बिघडवला."

विद्वांसांनी मसुद्यातलं तिसरं प्रकरण उघडलं.

"डिसेंबरात मला वाटलं, सहा प्रयोग झाले, आता टाकी रिकामी करणार. एवढी चांगली काकवी टाकून द्यायची, म्हणून माझा जीव खालीवर झाला. डब्यातल्या पोळीबरोबर एक वाटी खाल्ली. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी आणखी एक. पातळी लाल खुणेच्या खाली गेली. आण्णाप्पाच्या लक्षात आलं असतं आणि आण्णाप्पाकडून घरी कळलं असतं. म्हणून तेवढंच पाणी घातलं आणि पळीनं वरवर ढवळलं. मग मी बाहेरगावी गेलो आणि हिनं मागे सातवा प्रयोग केला. परत आलो तर पट्टी आडवी. मला इतका आनंद झाला की पाण्याचं ध्यानातच राहिलं नाही. तुम्हाला हे पटणार नाही. पण परवा हिनं बाटली माझ्या टेबलावर ठेवली, तेव्हा मला ते आठवलं. त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंडातून शब्द फुटला नाही. काल दिवसभर घरी बसून हे कसं सांगायचं ते लिहीत होतो. शेवटी बायकोला बरोबर घेऊन आलो, म्हणजे दोनदा सांगावं लागणार नाही."

सगळ्यांच्या माना दुसऱ्या रांगेकडे वळल्या. काकूंचा चेहरा लाल झाला होता.

"तीन वाट्या?" काकू म्हणाल्या.

"तीन."

"मोठ्या?"

सर चष्मा पुसायला लागले. काकू दाराकडे वळल्या. "आण्णाप्पा, मी तुला विचारलं होतं."

"तुमी इचारलं, सायेब पेढं खात्यात का," आण्णाप्पा म्हणाले. "पेढं न्हाई खाल्ले सायबांनी."

पहिल्यांदा कोण हसलं ते मला आठवत नाही, पण मग सगळी खोली हसली. काकूसुद्धा पदर तोंडाला लावून. फक्त विद्वांस हसले नाहीत.

"काकवीत लोखंडाचा कीस नव्हता का?" त्यांनी विचारलं.

"गाळून घेतली," सर म्हणाले.

मी हसत नव्हते. मी रडत होते, आणि ते थांबवायचा प्रयत्नही करत नव्हते. दोन दिवस मी ज्या माणसाला मनातून उतरवून ठेवलं होतं, तो माझ्यासमोर, सगळ्या विभागासमोर कान धरून उभा होता. छातीवरची धोंड उतरते म्हणतात, ती खरंच उतरते. मला श्वास पूर्ण घेता आला. प्रबंध जाईल की राहील, हे त्या मिनिटाला मला मुळीच महत्त्वाचं वाटलं नाही.

विद्वांसांना मात्र वाटत होतं. "सातवा प्रयोग गेला. मग राहिलं काय?" त्यांनी मसुदा मिटला. "आणि एका प्रयोगावर अख्खं प्रकरण कसं लिहिलंत, हेही सांगा."

"ती माझी चूक," मी डोळे पुसून म्हटलं. "वरच्या थराची घनता मी मोजली नाही, हीसुद्धा माझीच. पण काल मी दोन प्रयोग केलेत. सरांना माहीत नाहीत. ते दाखवू का?"

सरांनी चमकून माझ्याकडे बघितलं.

सगळे प्रयोगशाळेत आले. मी वरची आणि तळाची काकवी विद्वांसांच्या हातानेच मोजून घेतली. आण्णाप्पा बाह्या सरसावून फळीशी बसले. मी मिनिटं मोजायला लागले. विसाव्या मिनिटाला पट्टीचं टोक खाली झुकलं. ती बुडत चालली आहे असं वाटलं. सर माझ्या शेजारी काचेला नाक लावून उभे होते. एका कोपऱ्यात काकू चष्म्यातून बघत होत्या.

"मिनिटाला अर्धं बोट," मी पुटपुटले.

"तेवढंच ढकलालोय," आण्णाप्पा म्हणाले.

एकतिसाव्या मिनिटाला पट्टी आडवी झाली.

विद्वांसांनी माझा कोनमापक न घेता स्वतःच्या खिशातला काढला. काचेवर धरला. "चोवीस," ते म्हणाले. मग साधी पट्टी बुडालेल्या प्रयोगाची नोंद मागितली, वाचली, परत दिली. "म्हणजे पाठीवरची रांग पाहिजे आणि वरून रेटाही पाहिजे. हे तुमच्या आधीच्या प्रकरणापेक्षा बरं आहे. प्रत्येकी तीन-तीन वेळा करा. प्रकरण नव्यानं लिहा. बारा दिवस आहेत." मंजुरीच्या कागदावर त्यांनी सही केली आणि पेनाचं टोपण लावत सरांना म्हणाले, "हुद्दार, चहा बिनसाखरेचा सांगा."

पुढचे अकरा दिवस आण्णाप्पा फळी ढकलत होते आणि मी लिहीत होते. सहाही प्रयोग जमले. एक जरा आडमुठेपणानं, पण जमला. सरांनी मासिकाला पत्र लिहून छापलेला लेख मागे घेतला. ते पत्र त्यांनी मला आधी वाचून दाखवलं. मी म्हटलं, सर, काकवीचं एवढं सविस्तर नको. ते म्हणाले, राहू दे.

तीस तारखेला टंकलेखक प्रबंधाचं शेवटचं पान घेऊन माझ्याकडे आला. प्रयोगांच्या तक्त्याखाली सरांच्या हातची पेन्सिलीची एक ओळ होती. "मॅडम, हे खरंच टाईप करायचंय का? का साहेबांनी गंमत केलीय?"

मी वाचलं. 'प्रयोग क्रमांक सात रद्द. कारण, मार्गदर्शकाने टाकीतील तीन वाट्या काकवी खाऊन तितकेच पाणी भरले. शोधकर्तीने हे स्वतः शोधून काढले.'

"करा टाईप," मी म्हटलं.

पान तयार झालं तेव्हा सरांनी ते नीट वाचलं, आणि जिथे मार्गदर्शकाची सही लागत नाही तिथे, त्या ओळीच्या बरोबर खाली, पूर्ण नाव लिहून सही केली.